ईयोबाच्या मित्रांचे सात दिवस
शास्त्रपाठ: ईयोब 2:11-13

ईयोबाचे तिघे मित्र त्याच्या समाचारास आले तेव्हा ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि कोणी एक शब्दही बोलला नाही. पुढे त्यांनी तोंड उघडले व त्याच्या दुःखाचे कारण त्याचेच पाप होय असे ते सिद्ध करू लागले, तेथे सर्व बिघडले. देवाने अखेरीस त्यांना दोष दिला तो त्यांच्या भाषणांबद्दल. त्या मौनाबद्दल नव्हे.

आपल्या रत्नागिरीकडे कोणाचे मन आजारी पडले की तोंडे फार लवकर उघडतात. शेजारी म्हणतो, बाहेरची बाधा आहे. मंडळीतला बंधू म्हणतो, विश्वास कमी पडला. आणि हे अधिक लाजिरवाणे. एलीया संदेष्ट्याचा विश्वास कमी होता काय? तो रानातल्या झुडपाखाली मरण मागून निजला असता देवदूताने त्याला बोध केला नाही. भाकर व पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले.

रत्नागिरी शहरात मनोरुग्णांचे इस्पितळ 1886 सालापासून आहे. तरी त्याचे नाव काढताच कुळाला बट्टा लागला असे मानून पुष्कळ घरे रोग लपवितात, व क्वचित रोग्याला कोंडून किंवा बांधूनही ठेवितात. साखळीने बांधणे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मना केले आहे. जो आपला जीव घेऊ पाहतो त्याला शिक्षेस पात्र न धरता, तो भारी मानसिक ताणाखाली होता असे समजावे, हेही त्याच कायद्यात आहे. सरकारी कायदा इतका कनवाळू झाला असता आपण मागे का?

तथापि नुसते बसणे पुरत नाही. कोणी निरवानिरवीची भाषा बोलू लागला तर, "जीव द्यावा असे मनात येते काय?" असे त्याला प्रेमाने, उघड विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. घरातले कीटकनाशक दूर ठेवा, त्याला एकटे सोडू नका, आणि वैद्याकडे न्या. पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्यच होता. 14416 हा सरकारी दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य चालतो, व तेथे मराठीत बोलता येते. औषधाने बरे वाटू लागताच पुष्कळ जण ते आपल्या मनाने सोडतात आणि दुखणे उलटते. म्हणून पुढच्या तारखेस त्याच्याबरोबर एस. टी. ने कोण जाणार, हे येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीने ठरवावे.