पाण्याकाठचा विसावा



पावसाने उघडीप दिली की आम्ही कधीकधी वलवणला, धरणाखाली इंद्रायणीच्या काठी जाऊन बसतो. समोर पाणी, मागे डोंगर, हातात जपमाळ. मन निवते. 1522 साली मान्रेसा येथे संत इग्नेशियस कार्दोनेर नदीकडे तोंड करून बसले होते. तेथे त्यांना जी दृष्टी लाभली ती जन्मभर पुरली. आमचे तसे काही होत नाही, पण परतताना पाय हलके पडतात एवढे खरे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी तिथेच आपल्या धर्मग्रामातल्या एक बाई भेटल्या. त्या जवळच्या एका बंगल्यात स्वयंपाक करतात. "हल्ली रविवारी मिस्साला दिसत नाही?" आम्ही जरा दटावूनच विचारले. त्या म्हणाल्या, "फादर, शनिवार-रविवार बंगला भरलेला असतो. माणसं विसाव्याला येतात ना. नाश्ता, जेवण, पुन्हा जेवण. भांडी होईपर्यंत रात्रीचे बारा."

आम्ही गप्प झालो.

वलवणचे पाणी तसे पहिल्यापासून कष्टकरीच. टाटांच्या योजनेत ते अडवले गेले आणि घाट उतरून खोपोलीला वीज करू लागले. ते वीजगृह 1915 साली सुरू झाले. देहू-आळंदीकडे जाणारे पाणी असे पश्चिमेला वळले आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. आता मुंबईच थकवा घालवायला वर येते. त्यात गैर काही नाही. थकलेल्या माणसाला झाड आणि पाणी हवेच.

पण दुसऱ्याचा रविवार घेऊन मिळालेला विसावा, तो विसावाच का? कोणी म्हणेल, बाईंना पगार मिळतो. मिळतो खरा, पण पगार कष्टांचा असतो. रविवार त्यात विकलेला नसतो. अनुवाद ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा देताना देव दासदासींना विसरत नाही, बैल आणि गाढवालाही विसरत नाही. तुझ्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा, असा तिचा रोख आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू थकलेल्या शिष्यांना होडीतून एकांतात नेतो, तर लोक आधीच तिथे हजर! प्रभूला त्यांचा कळवळा येतो. शिष्य मात्र संध्याकाळी सुचवतात, यांना आता पाठवून द्या. शिष्यांचे मन आम्हाला चांगले कळते. आमच्या नेहमीच्या दगडावर वडापाव खात बसलेली पोरे दिसली की आम्हालाही तसेच वाटते.

ज्यांचे बंगले आहेत किंवा ज्यांच्या घरी कामाला माणसे आहेत, अशी कुटुंबे आपल्याही धर्मग्रामात आहेत. सकाळच्या मिस्सापुरते तरी त्यांना सोडता येईल का, हे आम्ही घरी येऊन विचारणार आहोत. नाश्ता तासभर उशिरा झाला तर चालेल का, एवढाच तो प्रश्न आहे.

निघताना त्या बाई म्हणाल्या, "पाहुणे गेले की मंगळवारी मी इथं येते, फादर. या दगडावर तासभर बसते."

तो दगड आमचाच होता. आता आम्ही बुधवारी जातो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू