फुटपाथच्या कडेची मुलं

१२ ऑगस्ट १९५८ रोजी सकाळी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, ईस्ट १२६व्या रस्त्यावरच्या एका घराच्या पायऱ्यांवर आणि समोरच्या फुटपाथवर ५७ जॅझ संगीतकार जमले. ‘एस्क्वायर’ मासिकासाठी आर्ट केन यांनी त्यांचं छायाचित्र काढलं आणि ते जानेवारी १९५९च्या अंकात छापून आलं. थेलोनियस मंक, कोलमन हॉकिन्स, मेरी लू विल्यम्स, लेस्टर यंग... जॅझच्या इतिहासाची निम्मी अनुक्रमणिका त्या एका चौकटीत उभी आहे. काउंट बेसी मात्र फुटपाथच्या कडेवर बसले आहेत आणि त्यांच्या शेजारी ओळीनं बसली आहेत त्या वस्तीतली डझनभर मुलं.

शहर आणि संगीत यांच्या गाजलेल्या प्रतिमांचं प्रदर्शन भरवायचं, तर हे छायाचित्र टाळता येत नाही. त्याच्यासोबत पुष्कळदा एक रेखाकृती असते. प्रत्येक डोक्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकापुढे नाव. बेसींना क्रमांक मिळतो, शेजारच्या मुलाला मिळत नाही. या मुलांचं आपण काही देणं लागतो का?

सोपं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ती गंमत बघायला आली होती. रस्त्यावर कॅमेरा लावणारा प्रत्येकाची परवानगी घेत बसला, तर रस्त्याचं छायाचित्रच निघणार नाही. पण ती मुलं झाकून छायाचित्र बघावं. उरतो तो एखाद्या संघटनेच्या वार्षिक सभेचा फोटो. हे संगीत एका वस्तीत राहतं, हे आपल्याला कडेवरच्या मुलांमुळे कळतं. देणाऱ्याला आपण काही देतोय हे ठाऊक नसेल, तरी घेणाऱ्यानं घेतलेलं असतं, आणि ऋण घेण्यातून तयार होतं.

मग नाव शोधून काढलं की ऋण फिटेल? माझा व्यवसाय अनुवादाचा, त्यामुळे नावाच्या बाबतीत मी पुरती तटस्थ नाही. तरीही हे उत्तर अपुरं वाटतं. ८ ऑगस्ट १९६९ला लंडनमध्ये इयन मॅकमिलन यांनी शिडीवर चढून झेब्रा क्रॉसिंग ओलांडणाऱ्या बीटल्सची सहा छायाचित्रं टिपली. त्यांतलं एक ‘ॲबी रोड’चं मुखपृष्ठ झालं. त्या मुखपृष्ठावर ना बँडचं नाव आहे, ना रेकॉर्डचं. त्या चौघांना नावाची गरजच नव्हती. मागे फुटपाथवर एक माणूस उभा आहे. त्याचंही नाव नाही, पण अगदी उलट कारणानं. २०१०मध्ये त्या क्रॉसिंगला वारसास्थळाचं संरक्षण मिळालं. त्या वाटसरूला नाव दिलं, तर मात्र न विचारता घेतलेल्या चेहऱ्यासोबत आपण त्याची ओळखही घेऊन टाकू.

नाव असूनही न्याय होत नाही, याचं उदाहरण सूझ रोटोलो. १९६३च्या ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर, ग्रीनिच व्हिलेजमधल्या बर्फाळ रस्त्यावर डिलनच्या दंडाला बिलगून चालणारी मुलगी ती हीच. ती स्वतः कलावंत होती, नागरी हक्कांच्या चळवळीत काम करत होती. पण तिचं नाव घेतलं की पाठोपाठ ‘डिलनची मैत्रीण’ येतंच. २००८मध्ये तिनं आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या पुस्तकाच्या शीर्षकातही त्या रेकॉर्डचाच शब्द आला. नाव मिळालं, ते दुसऱ्याच्या वाक्यात.

इथं आपल्या मैफलीतला ‘साथ’ हा शब्द मला उपयोगी वाटतो. पार्श्वभूमी मागे असते, साथ सोबत असते. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर पुष्कळदा नसतं. पण तिनं धरलेल्या स्वराशिवाय गायकाला षड्जच सापडणार नाही, हे जाणकार श्रोत्याला माहीत असतं. गाता गाता गायक मान वळवून तिच्याकडे बघतो, तेव्हा तो तिची ओळख करून देत नसतो. तिच्या कामाची दखल घेत असतो.

कडेवरच्या मुलांचं देणं हे असं आहे. ज्याला पुढं येऊन ‘तो मी’ म्हणायचं असेल, त्याला जागा असावी. ज्याला नसेल, त्याला निनावी राहू द्यावं. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी मात्र ५७ नावांखाली एक ओळ वाढवायला हरकत नाही: ‘पुढे बसलेली मुलं, याच वस्तीतली.’ आणि बघणाऱ्यांनी एकदा तरी ते छायाचित्र खालच्या ओळीपासून वर बघत जावं. बेसी तिथंच बसलेले आहेत.