कुरराच्या चोचीतला तुकडा आणि माझा एक गरुड



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय ९, सुरुवातीचा भाग.

अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंबद्दल सांगतो आहे. त्यातला अठरावा गुरू म्हणजे कुरर, एक शिकारी पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो. ज्यांना मांस मिळालेलं नाही असे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. शेवटी तो तुकडा टाकून देतो आणि सुखी होतो. गोष्ट एवढीच.

मी ती 'संग्रह करू नये' या अर्थानेच वाचत आलो होतो. पण मागच्या शनिवारी मला माझ्याच चोचीतला तुकडा दिसला. म्हणून आज थोडं कबुलीजबाबासारखं लिहितोय.

मी डेन्व्हरजवळ राहतो. शहराच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी डायनोसॉर रिज नावाची एक लांबट, अरुंद टेकडी आहे. तिच्या खडकांत १८७७ मध्ये स्टेगोसॉरसची हाडं सापडली होती. दर वसंतात, मार्चपासून मेपर्यंत, काही स्वयंसेवक तिच्या माथ्यावर उभे राहून उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी मोजतात. वारा टेकडीला आडवा धडकला की वर चढतो, आणि पक्ष्यांना पंख न मारता तरंगत पुढे जाता येतं. म्हणून ते अशा डोंगरधारा धरून प्रवास करतात. रेड-टेल्ड हॉक, छोटे केस्ट्रेल ससाणे, टर्की व्हल्चर, आणि नशीब असेल तर गोल्डन ईगल. गेली दोन वर्षं मीही सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन तिथे जातो.

मोजणीचे नियम साधे आहेत. दर तासाला एक ओळ भरायची : वारा, ढग, किती माणसं पाहत होती, कुठले पक्षी किती गेले. जे पक्षी तिथेच राहतात, नुसते घिरट्या घालतात, ते धरायचे नाहीत. तासाभरात काहीच गेलं नाही तरी ओळ भरायचीच, शून्य लिहून. आणि पक्षी दिसला पण ओळखता आला नाही, तर त्यासाठी वेगळा रकाना आहे : 'अनोळखी'. आपल्यातल्या कोडिंगवाल्यांना लगेच कळेल, शून्य वेगळं आणि नल वेगळं. 'नव्हता' आणि 'माहीत नाही' या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्या दिवशी अकरा ते बाराच्या तासात मी एकटाच होतो. तिथल्या अनुभवी आजी जाकीट आणायला गाडीकडे गेल्या होत्या. तेवढ्यात पश्चिमेला, खूप दूर, एक मोठा गडद पक्षी दिसला. दहा सेकंद असेल. मग तो ढगाच्या कडेला विरला. मी लिहिलं : गोल्डन ईगल, १.

खरं सांगायचं तर मी 'मोठा' आणि 'गडद' एवढंच पाहिलं होतं. बाकीचं मला वाटलं होतं. तीन आठवडे गरुड दिसला नव्हता आणि बायकोला रोज सांगत होतो, 'या शनिवारी नक्की.' आजी परत आल्या, कागदावर नजर टाकून म्हणाल्या, "वा! छान दिसला का?" मी म्हणालो, "हो." दिवसाची नोंद संध्याकाळी ऑनलाइन गेली. फॅमिली ग्रुपवर मेसेजही गेला. आईने दोन हात जोडलेले इमोजी टाकले.

रात्री वाचायला बसलो, तर समोर कुरर.

मन लगेच वकिली करायला लागलं. हंगामात शेकडो पक्षी जातात, एकाने काय फरक पडतो? तपासणार कोण आहे? कदाचित तो खरंच गरुड असेल!

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाची जागा आहे. पूर्वी लोक तिथे शिकारी पक्ष्यांना गंमत म्हणून गोळ्या घालत. १९३४ मध्ये रोझॅली एज यांनी तिथे अभयारण्य सुरू केलं आणि तेव्हापासून मोजणीही सुरू झाली. मोजणारे बाल्ड ईगलच्या नोंदीत तरुण किती आणि प्रौढ किती हेही लिहीत. कशासाठी? त्यांनाही ठाऊक नव्हतं. डीडीटीची फवारणी अजून सुरूच व्हायची होती. पुढे रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात त्याच नोंदी वापरल्या. १९३५ ते १९३९ मध्ये दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के तरुण होते. १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्के. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे फक्त एक तरुण. पिल्लं जगतच नव्हती. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतल्या डीडीटीवर बंदी घातली.

आता विचार करा. त्या १९५७ साली कुणीतरी माझ्यासारखं, बरं वाटावं म्हणून, एखादा तरुण गरुड 'वाटला' म्हणून लिहिला असता तर? आकडे लहान असतात तेव्हा एक पक्षी फार मोठा असतो. फळाची आशा न ठेवता कर्म करण्याबद्दलचा श्लोक आपण टी-शर्टवरही वाचतो. मला तो या मोजणाऱ्यांमुळे कळला. त्यांना फळ काय हेच माहीत नव्हतं, म्हणून फळाकडे बघून हात हलका व्हायची सोयच नव्हती.

पण समजा, माझ्या नोंदीचा कधीच कुणाला उपयोग होणार नाही. तरी खोटं लिहावं का? इथे मला कुररच उत्तर देतो. त्याच्या चोचीतलं मांस निदान खरं होतं. माझ्या चोचीत होतं ते 'मी पाहिलं' हे दोन शब्द, आणि तेही माझे नव्हते. त्याच्यामागे दुसरे पक्षी लागले होते. माझ्यामागे कुणीच नव्हतं, तरी मला झोप येत नव्हती.

जपाचंही हेच होतं ना? ॲपवर '११ माळा' दिसतात. त्यातल्या चार माळा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोटांनी ओढलेल्या असतात. आकडा देवासाठी असतो की ग्रुपवर टाकायला?

रात्री साडेअकराला आजींना मेल लिहिली : 'तो गरुड मी नीट पाहिला नव्हता, कृपया अनोळखी करा.' सकाळी उत्तर आलं : "केलं. पुढच्या शनिवारी भेटू." बस. ना रागावल्या, ना कौतुक केलं. फॅमिली ग्रुपवर दुरुस्ती टाकायला मात्र मला आणखी दोन दिवस लागले. तुकडा सोडणं सोपं नव्हतं.

आणि हो, हे सगळं इथे लिहून, 'बघा मी किती प्रामाणिक', असा नवा तुकडा मी चोचीत धरतोय का? असेलही. तोही पाहत राहावा लागेल.

तो पक्षी नक्की काय होता, मला कधीच कळणार नाही. कागदावर आता तो अनोळखी आहे. मी तेवढंच पाहिलं होतं.

आजचा अभ्यास : दिवसात एकदा तरी, जिथे खरंच माहीत नाही तिथे 'माहीत नाही' म्हणून बघा. मीटिंगमध्ये, घरी, किंवा मनातल्या मनात देवासमोर. काय वाटलं ते कळवा.

राम कृष्ण हरी.