शाळा कुणाच्या वेळेवर?

इंग्रजी धाटणीच्या शाळेने आपली मुलं मातीपासून तोडली, असं हल्ली शिकल्यासवरल्या घरांत वारंवार ऐकू येतं. इस्लामपूरच्या परिसरात मला ते अर्धंच पटतं. इथल्या रयतेच्या आणि गावकुसाबाहेरच्या मुलांच्या हाती परंपरेने पुस्तक कधी दिलंच नव्हतं.

जोतीराव फुल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी सरकारी शिक्षणावर कठोर टीका केली, पण शाळा नाकारली नाही. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचं उच्च शिक्षण पोसलं जातं, असं त्यांनी बजावलं. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा आणि लेखन-वाचन, हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही द्या, ही त्यांची मागणी होती. अक्षर हवं आणि शेतीही हवी, हा विचार तेव्हाच मांडला गेला.

त्याला अंगण मिळालं ते कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे. त्यांचं घर इस्लामपूर ज्यात येतं त्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. घंटा, इयत्ता, परीक्षा सगळं साहेबाच्या घडणीचंच. पण सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, स्वतः कुदळ चालवत, कष्टातून शिकत. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परकी चौकट इथे खऱ्या अर्थाने रयतेची झाली.

पुढे शाळा गावोगाव पोचल्या आणि कुदळ मात्र मागे पडली. ‘शिकला नाहीस तर ढोरं राखशील’ हे वाक्य घराघरांत बोललं जाऊ लागलं. मला सगळ्यांत जास्त सलतं ते हे. ढोरं राखणाऱ्याला कुठला पाला विषारी, कुठल्या ओढ्याला कधी पाणी, गाय आजारी पडताना आधी काय करते, हे कळतं. आणि त्याच्याच पोराला ते ज्ञान नापासाची शिक्षा वाटू लागतं. फुल्यांच्या मागणीचा अर्धा भाग आपण सोडून दिला.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या तारा मोडक आणि अनुताई वाघांनी तो कोसबाडला उचलला. वारली मुलं गुरांमागे जातात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. मुलाच्या कामाला तिथे कुणी हिणवलं नाही आणि त्याचं अक्षरही अडलं नाही.

आज इस्लामपूरच्या आसपासच्या उसाच्या फडांत मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांचे कोयते येतात, सोबत मुलंही येतात. शाळा जूनला सुरू होते, दिवाळीच्या सुमाराला ही कुटुंबं गाव सोडतात आणि परीक्षेच्या तोंडावर परततात. राज्यात अशा मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, पण गावाकडच्या पटावर ही मुलं अजूनही गैरहजरच लागतात. कारखान्याची ऊसतोड महिनोन्‌महिने आधी आखली जाते, टोळ्यांना उचलही आगाऊ मिळते. तर मग त्याच आखणीत शिक्षक, पुस्तकं आणि मजुरांच्या कोपीजवळचा वर्ग बसवायला काय हरकत आहे?