डोळे उघडून द्या

बाप जाऊन अकरा दिवस झाले होते. दहावा आदल्या दिवशीच आटोपला होता, म्हणून दोघा भावांची डोकी भादरलेली होती. आमगावच्या माझ्या स्टुडिओत ते भर पावसात आले. मोठ्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं. बाप तीस वर्षं राईस मिलमध्ये हमाल. गोंदियाच्या तांदळाची किती पोती त्या पाठीवरून गेली असतील, त्याची मोजदाद नाही. एवढ्या आयुष्यात त्याचा एकच फोटो निघाला होता, तोही सरकारला हवा होता म्हणून. नखाएवढा, पुसट, आणि फ्लॅशच्या उजेडाने डोळे मिटलेले.

"बाबूजी, तेरवीपर्यंत मोठा करून द्या," मोठा म्हणाला. "अन् डोळे उघडून द्या."

हे मागणं मला नवं नाही. तीस वर्षांच्या धंद्यात मी असे कितीतरी डोळे उघडले आहेत. पूर्वी ब्रश आणि रिटचिंगची पेन्सिल घेऊन, आता संगणकावर. पण डोळे आणायचे कुठून? हवेतून काढलेले डोळे घरची माणसं क्षणात ओळखतात, म्हणतात, हा बाबा नाही. मी धाकट्याकडे पाहिलं. भुवया, नाकाचा बांधा, डोळ्यांची ठेवण, सगळं बापाचं. त्याला पडद्यासमोर स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, इकडे बघ. तो बघायचा आणि डोळे भरून यायचे. लाल, सुजलेले डोळे कामाचे नव्हते. चहा मागवला, पाऊस थांबेस्तोवर बसलो, धानाच्या रोवणीवर बोललो. तासाभराने एक फोटो मिळाला, त्यात तो नुसता बघत होता. ते डोळे मी रात्री दोनपर्यंत बसून बापाला बसवले. कडेच्या सुरकुत्या वाढवल्या, बुबुळावर थोडा धुरकटपणा आणला. कोट घालू का, असं विचारलं होतं, तर मोठा म्हणाला, "बाबानं कधी कोट घातला नाई. पांढरी कमीज ठेवा."

तेरवीला मी स्वतःच फ्रेम घेऊन गेलो. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर फोटो धरला. तिने पदर सावरला, नीट बसली, आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "पाहून राह्यले."

त्या दोन शब्दांवर मी बरेच दिवस विचार करतो आहे. फोटो छान आला, हुबेहूब आहे, असं काही ती बोलली नाही. ते पाहत आहेत, एवढंच म्हणाली. आपण देवळात जातो तेव्हा दर्शनाला जातो म्हणतो. दर्शन म्हणजे आपण देवाला पाहणं, एवढाच अर्थ मी लहानपणापासून धरून होतो. पण मूर्ती घडवणाऱ्यांची जुनी रीत वेगळं सांगते. मूर्तीचं सगळं अंग घडून झालं तरी डोळे शेवटी उघडायचे, सोन्याच्या शलाकेने, मंत्र म्हणत. त्याला नेत्रोन्मीलन म्हणतात. काही ठिकाणी मूर्तीसमोर आधी आरसा धरतात, कारण त्या पहिल्या नजरेचं तेज माणसाला सोसवणार नाही अशी श्रद्धा आहे. म्हणजे देऊळ हे आपण बघण्याचं ठिकाण आहे, तसंच आपल्याला कुणीतरी बघण्याचंही. दर्शन दोन्हीकडून घडतं. म्हातारीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिने फोटोसमोर पदर सावरला.

मग त्या डोळ्यांचं काय, ते तर मुलाचे होते? मी खोटं केलं का? हा प्रश्न मी स्वतःला खरोखर विचारला आहे. माझं मन सांगतं, नाही. मुलाचे डोळे मुळात बापाकडूनच आलेले होते. मी फक्त ते परत पोचवले.

माझ्या कामाला एक रंग नाही. गोंदिया जिल्हा 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच्या थोडं आधी मी दुकान टाकलं. तेव्हा 36 चा रोल पुरवून पुरवून वापरायचा आणि धुवायला गोंदियाच्या लॅबमध्ये पाठवायचा. लग्नं हा पोटाचा आधार. सीमेवरचा जिल्हा, त्यामुळे वरात बालाघाटची, मांडव आमगावचा, हे नेहमीचं. राईस मिलवाल्यांना कॅलेंडर आणि माहितीपत्रकासाठी दाण्याचे फोटो लागतात. तांदळाचा एकेक दाणा काळ्या कापडावर मांडून उजेड देताना दिवस जातो. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तेव्हा दंडार या लोकनाट्यातल्या नटांना पोस्टरसाठी फोटो हवे असतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता संकलनाचं काम, पावसाळ्याआधी धानाच्या बांधीत सारसांच्या जोड्या. साऱ्या महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ आमच्याच बांध्यांवर तग धरून आहे, म्हणून त्याचं काम मी पैशाकडे न बघता करतो. आणि या सगळ्याच्या जोडीला, गेली पंधराएक वर्षं, संस्थांची कामं. आरोग्य शिबिरं, कुपोषण, आश्रमशाळा, देवरी आणि सालेकशाकडची जंगलातली गावं.

लोक या कामांची उतरंड लावतात. लग्नाचे फोटो म्हणजे धंदा, शिबिराचे म्हणजे सेवा. मीही तशीच लावत होतो. लग्नात पैसे मोजून घ्यायचो आणि शिबिराला जाताना मनात म्हणायचो, आज पुण्याचं काम. एका मुलीच्या आईने माझी ती उतरंड मोडली.

सिकलसेल आमच्याकडे घरोघर ऐकू येणारा शब्द आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतं. आजार आईबापांकडून येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक. म्हणूनच लग्नाआधी तपासणी करा, असा प्रचार चालतो, आणि तो योग्यच आहे. बाहेरच्या एका संस्थेचं शिबिर सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत होतं आणि मी फोटोसाठी होतो. सतरा वर्षांची एक मुलगी बाकावर बसली होती. बोटाला सुई टोचली, कापूस लावला. खिडकीचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. संस्थेच्या माणसाने मला कानात सांगितलं होतं, हसरे नकोत. मी दाबलं. फोटो फार सुंदर आला होता, हे आजही कबूल करतो. संमतीचा कागद इंग्रजीत होता आणि त्यावर तिच्या बापाचा अंगठा होता. निघताना आईने विचारलं, "फोटो भेटल का जी?" मी म्हटलं, हो, देतो ना. आणि विसरलो.

चार महिन्यांनी ती आई दुकानात आली. चढ्या आवाजात एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "बाबू, मले वाटलं घरी लावाले भेटल. तुमी त चौकात लावला."

तालुक्याच्या चौकात दहा फुटांचा बॅनर होता. त्यावर तिच्या लेकीचा चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत रोगाचं नाव. येणारी दोन स्थळं तेवढ्यावर परत गेली होती. मी संस्थेला फोन केला. उत्तर मिळालं, सही आहे आमच्याकडे. त्या रात्री मी आणि माझा पोरगा शिडी घेऊन गेलो आणि बॅनर उतरवला. पण लोकांनी तोवर जे पाहिलं, ते कुठून उतरवणार? त्या मुलीच्या चेहऱ्याचे मी पैसे घेतले होते, पुण्यही माझ्या खात्यावर मांडून ठेवलं होतं, आणि तिला साधा एक पोस्टकार्ड साइज प्रिंट दिला नव्हता.

आपल्याकडे माणूस ऋणं घेऊनच जन्मतो असं मानतात. देवांचं, ऋषींचं, पितरांचं. माझ्या धंद्यातल्या माणसावर आणखी एक ऋण असतं, ज्याचा चेहरा घेतला त्याचं. आमच्या बोलीतही फोटो 'काढतात'. विहिरीतून पाणी काढतात, जमिनीतून पीक काढतात, बँकेतून कर्ज काढतात. काढलेलं फेडावं लागतं, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवायला नको होतं. मी मात्र विसरलो होतो.

त्या दिवसापासून एक कसोटी मी पाळतो. दाबण्याआधी स्वतःला विचारतो, हा फोटो या माणसाच्या घरच्या भिंतीवर लागेल का? हमालाचा तो जुळवलेला फोटो लागला. लग्नाचे सगळे लागतात. शिबिरातले बहुतेक लागणार नाहीत. मग सेवा कोणती आणि धंदा कोणता?

पण ही कसोटी सगळीकडे पुरत नाही, हेही मला माहीत आहे. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला विषारी वायूने माणसं मेली, तेव्हा मातीत पुरलं जाणारं एक बाळ रघु राय यांनी टिपलं. पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही टिपलं. डोळे उघडे, आणि कुणाचा तरी हात चेहऱ्यावरची माती बाजूला सारतो आहे. ते बाळ कुणाचं, हे आजवर कळलेलं नाही. तो फोटो कुठल्या भिंतीवर लागणार? घरच उरलं नाही. आणि तरी तो निघायलाच हवा होता. तो नसता तर त्या रात्रीचं भोपाळ फक्त आकड्यांत राहिलं असतं. इथे मी अडतो. बराच काळ अडून राहिल्यावर एवढंच सापडलं: असा फोटो काढणाऱ्याचं ऋण एका प्रिंटने फिटत नाही, त्याला तिथे परत परत जावं लागतं. राय पुढे वर्षानुवर्षं भोपाळला जात राहिले. आपल्या विदर्भातले, अकोल्याकडचे सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांमागे असेच वर्षानुवर्षं राहिले. गटारात कमरेपर्यंत उतरलेली माणसं त्यांनी दाखवली, तशीच त्यांची घरंही दाखवली. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मी दुकानात पेढे वाटले होते. ओळख काही नव्हती, पण आपल्या धंद्यातल्या माणसाचा मान झाला होता.

माघ पौर्णिमेला कचारगडला जातो तेव्हा आणखी एक धडा मिळतो. सालेकसा तालुक्यातल्या या गुहांकडे छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणापासून गोंड बांधव येतात. 'जय सेवा'चा गजर जंगलभर चाललेला असतो. गुहेत कोंडलेल्या मुलांची गोष्ट तिथे सांगतात. हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली, त्या नादाने गुहेच्या तोंडावरची शिळा हलली, मुलं सुटली आणि वाजवणारा शिळेखाली गेला. एका वर्षी मी एका झाडाखालच्या पूजेकडे कॅमेरा वळवला. तिथला म्हातारा अडवत नव्हता, हसत होता. म्हणाला, "काढा जी, झाड काढा. देव नाई भेटनार तुमाले."

गोंडांचा देव फडापेन निराकार. त्याला चेहरा नाही, म्हणून त्याचे डोळे कुणी उघडत नाही आणि कुणी विकतही नाही. मी कॅमेरा खाली ठेवला आणि तसाच उभा राहिलो. चेहऱ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला त्या झाडाखाली जाणवलं, की पाहणारा कोणीतरी कॅमेऱ्याविनाही समोर असतो, आणि तो माझ्याकडे पाहतो आहे. हमालाच्या बायकोने पदर सावरला होता. मी टोपी काढली.

आता संस्थेचं काम घेतो तेव्हा अट आधी सांगतो. कागद मराठीत हवा, तो मी स्वतः वाचून दाखवणार. रोगाचं नाव आणि चेहरा एकत्र छापायचा नाही. पहिला प्रिंट घरी जाणार, मग तुमच्याकडे. दोन संस्थांनी या अटींमुळे काम दिलं नाही, बाकीच्यांनी मानलं.

बॅनरवरची ती मुलगी पुढे आईबरोबर दुकानात आली. निळ्या पडद्यासमोर, तिने स्वतः निवडलेल्या साडीत, तिचा फोटो काढला. तिला हसायचं होतं, ती हसली. फ्रेम घेऊन मी त्यांच्या गावी गेलो, खिळाही मीच ठोकला. पैसे घेतले नाहीत, पण म्हणून फिटलं असं मी म्हणत नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर धान कापून झाल्यावर, मंडईच्या आधी, सकाळच्या उन्हात त्यांना अंगणात बसवा. त्यांना हवा तो सदरा घालू द्या, हवं ते लुगडं नेसू द्या. घाई करू नका, डोळे उघडे असताना काढा. आणि तो मोबाइलमध्ये ठेवू नका, छापून घ्या आणि त्यांच्या हातात द्या. महिन्यातून तीन-चारदा तरी माझ्या काउंटरवर कुणीतरी मिटलेल्या डोळ्यांचं ओळखपत्र ठेवतं, आणि दर वेळी डोळे द्यायला मुलगा बापासारखा निघतोच असं नाही.