विश्वस्तवृत्ती आणि मजुराचा हक्क

श्रम ही इतर मालासारखी विकाऊ वस्तू आहे की श्रमिकाच्या जीवनाचाच अविभाज्य अंश आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर मालकाचे नैतिक कर्तव्य अवलंबून असते. गांधींची विश्वस्तवृत्ती, म्हणजे धनिकाने संपत्तीचा स्वामी न राहता समाजाच्या वतीने तिचा सांभाळ करावा ही कल्पना, गीतेतील अपरिग्रहातून आणि इंग्रजी कायद्यातील विश्वस्ताच्या संकल्पनेतून घडली. परंतु तिचा खरा कस १९१८ साली अहमदाबादच्या गिरण्यांत लागला. प्लेगच्या साथीत मजुरांना टिकवून ठेवण्यासाठी दिलेला बोनस बंद होताच, महागाईने पिचलेल्या मजुरांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून राहिले, आणि संपावर गेलेले मजूर डगमगू लागल्यावर गांधींनी उपोषण आरंभले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अनसूया साराभाई ही सख्खी भावंडे होती, यावरून त्या संघर्षाची धार कळते. तीन दिवसांत तडजोड झाली आणि पुढे लवादाने, म्हणजे दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या त्रयस्थाने, ३५ टक्केच मंजूर केले; तरीही स्नेही असलेल्या मालकांवर उपोषणाचे दडपण आले, हा दोष गांधींनी स्वतः मान्य केला.

विश्वस्तवृत्तीच्या तत्त्वाची मर्यादा नेमकी येथेच उघड होते. कायद्यातील विश्वस्ताला लाभार्थी जाब विचारू शकतो. गिरणीमालकाला तसा जाब विचारण्याचे साधन एकट्या मजुराकडे नव्हते. म्हणून मजुरांची संघटना आणि कायद्याने मिळालेला हक्क ही मालकाच्या औदार्याला जोडलेली पुरवणी नसून, विश्वस्तवृत्तीची पूर्वअटच मानली पाहिजे.