दुसरे प्रेम

गेलेल्या माणसाचे दुःख ताजे असतानाच दुसऱ्या कुणाची ओढ वाटू लागली, तर ती प्रतारणा ठरते काय? आपल्या समाजाने याचे उत्तर पुरुषाला एक दिले आणि स्त्रीला दुसरे. विधुराला वर्षश्राद्धाआधीच मुली सांगून येत. विधवेचा विवाह मात्र १८५६ साली कायद्याने मान्य होऊनही लोकांच्या गळी उतरला नाही. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले.

मला वाटते, प्रतारणा होते ती आधीचे माणूस पुसून टाकले म्हणजे. माझे एक विधुर स्नेही दुसरे लग्न ठरताच पहिल्या पत्नीची तसबीर भिंतीवरून उतरवू लागले. नव्या वहिनींनीच त्यांना थांबविले. म्हणाल्या, “राहू द्या. माणूस जपायला तुम्हांला त्यांनीच शिकविले. त्याचा लाभ आता मला होणार.”

खरेच आहे. पहिलीला सहज विसरणारा दुसरीला तरी किती दिवस आठवणार? आणि दुःख पुरते सरल्यावरच प्रेम करीन म्हणणाऱ्याचे आयुष्य बहुधा वाट पाहण्यातच सरते.